डायलिसिस लागलं म्हणजे किडनी कायमची गेली, असं समजू नका

पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. पावसाळा तोंडावर आलाय. लावणी सुरू होईल, माणसं दिवस दिवस चिखलात उभी राहतील आणि दरवर्षीप्रमाणे आपल्या भागातले काही जण तापाने थेट आयसीयूत पोचतील. त्यातल्या काहींच्या किडन्या बंद पडतील. त्यांच्या घरच्यांसाठी, आणि आपल्या जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासाठी, हे लिहितोय.

मी डॉक्टर नाही. माझ्या भावोजींच्या आजारपणात सहा महिने फाईल घेऊन फिरलो, दिसेल त्या डॉक्टरला आणि सिस्टरला प्रश्न विचारले, मिळेल ते वाचलं. त्यातून जे कळलं ते सांगतोय.

भावोजी सेहेचाळीस वर्षांचे. रिक्षा चालवतात, पावसात स्वतःची आणि वाट्याची शेती करतात. डायबेटिस नाही, बीपी नाही. लावणीच्या दिवसांत ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की उभं राहवेना. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, तीन दिवस खाल्ल्या. चौथ्या दिवशी डोळे लालपिवळे झाले आणि लघवी जवळजवळ थांबली. लेप्टो निघाला. तिथून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. बारा दिवस आयसीयू, त्यातले चार व्हेंटिलेटरवर. क्रिएटिनीन सातच्या वर गेलं आणि डायलिसिस सुरू झालं.

माणूस वाचला. हे आधी सांगतो, कारण ज्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी त्या बारा दिवसांत त्यांना वाचवलं त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

घरी आले तेव्हा मानेजवळ डायलिसिसची नळी तशीच होती. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं: लेप्टोस्पायरोसिस, औषधं अमुक, डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू ठेवणे. किती दिवस? काही नाही. किडनीला इजा झाली आहे, ती भरून येण्याची शक्यता आहे, अमुक तारखेला तपासा, यातलं एक अक्षर नाही. जवळच्या सेंटरवर नाव घातलं, खुर्ची मिळाली आणि आठवड्यातून दोनदा वारी सुरू झाली.

मग गाव बोलायला लागलं. "एकदा मशीन लागला की मगे सुटाचा नाय." हे वाक्य मी त्या महिन्यात किमान वीस जणांच्या तोंडून ऐकलं असेल. कोणी किडनी कुठे मिळते ते सांगायला आलं, कोणी रिक्षाचं परमिट विकायचं का ते विचारायला आलं. ताई तर स्वतःची किडनी द्यायला तयारच होती. "माझी जुळते का बघा, नाहीतर दागिने आहेतच," म्हणाली. आणि हे सगळं चालू असताना एक साधा प्रश्न कोणी विचारत नव्हतं.

तो प्रश्न सेंटरवरच्या एका सिस्टरने विचारला. पाचव्या की सहाव्या खेपेला. "काका, लघवी किती होते हो आता?"

भावोजी म्हणाले, होते की, चांगली होते. रात्री दोनदा उठावं लागतं. सिस्टर म्हणाली, मोजा. दुसऱ्या दिवशी ताईने प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीवर खुणा करून चोवीस तासांची लघवी मोजली. दीड लिटरच्या वर भरली. तो आकडा आणि सगळे जुने रिपोर्ट घेऊन आम्ही किडनीतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डायलिसिसच्या आधी घेतलेली क्रिएटिनीनं तारखेप्रमाणे एका ओळीत मांडली. आकडा दर खेपेला थोडा खाली येत होता. त्यांनी पुढची खेप थांबवली, दोन दिवसांनी रक्त तपासलं, पुन्हा दोन दिवसांनी तपासलं. क्रिएटिनीन वाढलं नाही. पंधरवड्याने मानेतली नळी काढली. आज भावोजी रिक्षा चालवतायत. क्रिएटिनीन १.४ आहे, बीपीची एक गोळी आहे आणि ठरल्या तारखांना तपासणी आहे.

आता यामागचं शास्त्र, मला समजलं तसं.

आपल्या प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. प्रत्येक गाळणीला एक बारीक नळी जोडलेली असते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला, बीपी फार खाली गेलं, घोणस चावली, बाळंतपणात खूप रक्त गेलं, जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडं पडलं किंवा दुखण्याच्या गोळ्या चुकीच्या वेळी पोटात गेल्या, तर या नळ्यांच्या आतलं पेशींचं अस्तर मार खातं. पेशी मरतात, सुटून नळीत अडकतात. लघवी कमी होते, रक्तातला कचरा वाढतो. याला किडनीची तात्पुरती, म्हणजे तीव्र इजा म्हणतात. डायबेटिसने किंवा बीपीने वर्षानुवर्षं हळूहळू किडनी जाते, तो वेगळा आजार.

फरक महत्त्वाचा आहे. नळ्यांचं हे अस्तर पुन्हा तयार होऊ शकतं. वाचलेल्या पेशी आपलं नेहमीचं काम बाजूला ठेवतात, पसरतात, विभागतात आणि उघडी पडलेली जागा भरून काढतात. खरचटलेल्या गुडघ्यावर नवी कातडी येते तसंच काहीसं. त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिने. पण अख्खा नेफ्रॉनच नष्ट झाला तर नवा तयार होत नाही. तिथे व्रण राहतो आणि उरलेल्या नेफ्रॉनना जास्तीचं ओझं उचलावं लागतं. म्हणून बरा झालेला पेशंटसुद्धा पूर्वीइतका निर्धास्त नसतो. त्याला पुढे किडनीचा कायमचा आजार, बीपी आणि हृदयविकार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो.

मग डायलिसिस काय करतं? ते किडनीला बरं करत नाही. किडनी स्वतः बरी होईपर्यंत रक्त साफ ठेवतं, पाणी काढतं, पोटॅशियम आवरतं. मोडलेल्या हाताला प्लास्टर असतं तसं समजा. हाड जुळलं की प्लास्टर काढायचं असतं. पण हाड जुळलं का, हे कोणी बघितलं तर.

एक गोष्ट वाचून मला फार नवल वाटलं. डायलिसिस मुळात याच कामासाठी यशस्वी ठरलं होतं. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना कांपेन नावाच्या छोट्या गावात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये पहिलं मशीन बनवलं. सॉसेजसाठी वापरतात तो सेलोफेन आणि फिरणारा लाकडी ड्रम, अशा वस्तूंतून. सुरुवातीचे जवळजवळ सगळे पेशंट दगावले. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत आली. तिचं डायलिसिस झालं, ती शुद्धीवर आली, तिच्या किडन्या पुन्हा चालू झाल्या आणि पुढे ती काही वर्षं जगली. म्हणजे या मशीनने वाचवलेला पहिला माणूस मशीनवरून सुटलेला होता. जन्मभर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस घेणं शक्य झालं ते त्यानंतर पंधरा वर्षांनी. आपल्या डोक्यात मात्र डायलिसिस म्हणजे जन्मठेप हेच बसलंय.

अलीकडचंही सांगतो. २०२० साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १५ देशांतली १६८ हॉस्पिटलं, आयसीयूतले सुमारे तीन हजार पेशंट, सगळ्यांच्या किडनीला गंभीर इजा. एका गटाला लगेच डायलिसिस दिलं. दुसऱ्या गटात, तातडीचं कारण दिसेपर्यंत किंवा इजा तीन दिवसांहून जास्त टिकेपर्यंत थांबले. दोन्ही गटांत तीन महिन्यांत दगावणाऱ्यांचं प्रमाण सारखंच निघालं, साधारण ४४ टक्के. हा आकडा वाचून पोटात गोळा येतो, पण आयसीयूत किडनी बंद पडणं किती गंभीर असतं ते यातून कळतं. थांबलेल्या गटातल्या सुमारे ३८ टक्के लोकांना शेवटपर्यंत डायलिसिस लागलंच नाही. आणि जे जगले, त्यांच्यात तीन महिन्यांनंतरही डायलिसिसवर असलेले लोक लगेच दिलेल्या गटात १०.४ टक्के होते, थांबलेल्या गटात ६ टक्के.

याचा अर्थ डॉक्टर डायलिसिस सांगतील तेव्हा नको म्हणायचं, असा कोणीही काढू नये. पोटॅशियम चढलं, फुप्फुसात पाणी भरलं, तर तासभराचा उशीरही जिवावर बेततो. अर्थ इतकाच, की एवढ्या आजारी माणसांतसुद्धा, जी जगली वाचली त्यांतल्या बहुतेकांना तीन महिन्यांनी मशीन लागत नव्हतं. म्हणून आयसीयूतून डायलिसिसवर घरी आलेल्या प्रत्येक पेशंटबद्दल "किडनी परत येतेय का?" हा प्रश्न दर आठवड्याला विचारला गेला पाहिजे.

सगळ्यांची येत नाही, हेही स्पष्ट लिहितो. वय जास्त असेल, आधीच डायबेटिस किंवा किडनीचा आजार असेल, इजा फार खोल असेल, तर परतण्याची शक्यता कमी होते. खोटी आशा लावून कोणी पेशंटचं डायलिसिस बंद करू नका. ते ठरवणं किडनीतज्ज्ञाचं काम. पण तज्ज्ञापर्यंत माहिती पोचवणं आपल्या हातात आहे.

या काळातल्या काही गोष्टी आम्हाला उशिरा समजल्या. तुम्हाला आधी समजाव्यात.

लघवी मोजा. रोज, चोवीस तासांची, वहीत तारीख घालून. लघवी वाढणं ही किडनी परतत असल्याची घरी दिसणारी पहिली खूण. मात्र नुसती लघवी पुरेशी नाही, कारण पाणी बाहेर पडतं पण कचरा आतच राहतो असंही होतं. म्हणून सोबत रक्ताचा आकडा लागतो.

क्रिएटिनीन डायलिसिसच्या आधी बघा. मशीनवरून उतरल्या उतरल्या घेतलेला आकडा कमीच येणार, ती कमाई मशीनची. दोन डायलिसिसच्या मधे आकडा किती चढतो, यावरून किडनी किती काम करते ते कळतं.

चांगला दिसणारा आकडासुद्धा फसवू शकतो. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. आयसीयूत दोन आठवडे पडून माणूस काडी झालेला असतो, स्नायूच कमी झाले की क्रिएटिनीनही कमी दिसतं. भावोजींचं वजन अकरा किलोंनी घटलं होतं. किडनीतज्ज्ञ म्हणाले, अंगावर मांस चढेल तेव्हाचा आकडा खरा. म्हणून एकदा नॉर्मल आलं की फाईल माळ्यावर टाकायची नाही.

डायलिसिस चालू असताना चक्कर आली, बीपी पडलं, तर ते सांगा. बरी होऊ पाहणाऱ्या किडनीला प्रत्येक वेळी बीपी पडलं की पुन्हा इजा होऊ शकते. पाणी किती काढायचं आणि किती वेगाने, हे अशा पेशंटसाठी वेगळं ठरवावं लागतं. काही पेशंटना बरं होताना एकदम भरपूर लघवी होते. त्यांना "किडनीचा पेशंट आहे, पाणी कमी पी" असं सरसकट सांगितलं तर उलट कोरडे पडतात. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

दुखण्याच्या गोळ्या बंद. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक ही नावं कागदावर लिहून घरात लावा. गोळीच्या पाकिटावर ब्रँडचं नाव मोठं असतं, ही नावं बारीक अक्षरात असतात. झाडपाल्याचं, भस्माचं औषधही तज्ज्ञाला विचारल्याशिवाय नको. दाताच्या डॉक्टरकडे गेलात, हाडाच्या डॉक्टरकडे गेलात, डाय टाकून सीटी स्कॅन करायची वेळ आली, तर आधी सांगा: माझ्या किडनीला मार बसला होता.

हे झालं घरातलं. आता सरकारचं.

डायलिसिसच्या बाबतीत आपल्याकडे गेल्या दहा वर्षांत चांगलं काम झालंय, ते नाकारायचं कारण नाही. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ज्यासाठी कोल्हापूर, मुंबई किंवा गोवा गाठायला लागायचं, ते आज सरकारी रुग्णालयात होतं. गरिबाला खुर्ची मिळते, ही छोटी गोष्ट नव्हे.

पण खुर्चीवर बसवण्याची व्यवस्था जशी उभी राहिली, तशी खुर्चीवरून उठवण्याची राहिली नाही. कायमच्या किडनीरोगाचा पेशंट आणि आयसीयूतून आलेला लेप्टोचा पेशंट शेजारी शेजारी बसतात, एकाच पद्धतीने त्यांचं डायलिसिस होतं. पहिल्याला मशीन लागणारच आहे. दुसऱ्याचं दर आठवड्याला तपासायला हवं. तज्ज्ञ रोज नसतात, टेक्निशियनवर कामाचा बोजा, सिस्टर कमी. कोणाच्या वाईटपणाने हे होत नाही. विचारणं हे कोणाचं ठरलेलं कामच नाही, म्हणून होतं. आमच्या सिस्टरने विचारलं, कारण तिला वाटलं. उद्या तिची बदली झाली तर?

किडनीरोगांवर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना देणाऱ्या केडिगो या संस्थेने २०१२ सालीच सांगितलंय की, अशी इजा झालेल्या प्रत्येक पेशंटची तीन महिन्यांनी तपासणी करावी. तपासणी तरी काय, रक्तातलं क्रिएटिनीन, लघवीतलं प्रोटीन आणि बीपी. ग्रामीण रुग्णालयात होण्यासारखी. गाडीभाडं त्याहून जास्त पडेल.

या सगळ्याचं एक निवेदन आम्ही काही जण जिल्हा शल्यचिकित्सकांना देणार आहोत. मागण्या पाचच आहेत:

१. आयसीयूत किडनीला इजा झाली असेल तर डिस्चार्ज कार्डावर ते मराठीत, ठळक लिहावं. आजाराआधीचं क्रिएटिनीन, सर्वांत वाढलेलं आणि घरी जातानाचं, असे तीन आकडे द्यावेत.

२. डायलिसिस चालू ठेवून घरी सोडलं तर "फेरतपासणीची तारीख" हा रकाना सक्तीचा असावा.

३. सेंटरवर अशा पेशंटची वेगळी नोंदवही असावी. आठवड्यातून एकदा डायलिसिसआधीचं क्रिएटिनीन आणि चोवीस तासांची लघवी लिहावी. ती वही किडनीतज्ज्ञाने दर आठवड्याला बघावी. प्रत्यक्ष शक्य नसेल तर टेलिमेडिसिनवरून.

४. किती सेशन झाली याबरोबरच किती पेशंट डायलिसिसवरून सुटले, हेही दर महिन्याला मोजून फळ्यावर लावावं.

५. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीसाठी आशाताईंकडे यादी द्यावी. बाळांच्या लसीच्या तारखा त्या चुकू देत नाहीत, याही देणार नाहीत. मात्र त्या कामाचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत.

यात नवी इमारत नाही, नवं मशीन नाही, टेंडर नाही. एक रकाना, एक वही आणि एक फोन.

एका सुटलेल्या पेशंटचा हिशोब करा. आठवड्याला दोन वाऱ्या, सोबत घरातलं एक माणूस, दोघांची मजुरी बुडालेली, नळीतून जंतुसंसर्ग होण्याची सततची भीती. तिकडे कायमच्या किडनीरोगाचा एखादा पेशंट खुर्ची रिकामी होण्याची वाट बघत बसलेला. एकाला वेळेवर उठवलं तर दोन घरं सावरतात.

आणि मुळात इजाच होऊ नये यासाठी: लावणीत उतरणाऱ्यांनी पायाला जखम असेल तर ती झाकावी, गमबूट मिळत असतील तर वापरावेत. लेप्टोच्या दिवसांत आरोग्य केंद्रातून डॉक्सीसायक्लिनची गोळी देतात, ती सांगितल्याप्रमाणे घ्यावी. ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. लघवी कमी झाली तर रात्र काढू नका. साप चावला तर गावठी इलाजात वेळ न घालवता १०८ ला फोन.

निवेदनावर सह्या हव्यात. आपापल्या गावातून पंधरा-वीस सह्या गोळा करू शकणाऱ्यांनी मेसेज करा, कागद पोचवतो. डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन मंडळींनी मागण्यांत काही चुकत असेल, जास्तीचं हवं असेल तर मोकळेपणाने सांगा, बदल करू.

आणि ज्यांच्या घरात सध्या असा पेशंट आहे, त्यांनी निवेदनाची वाट बघू नका. एक बाटली घ्या, खुणा करा आणि आजपासून लघवी मोजायला लागा.